आईचा उकिरडा

खतावरची पुस्तकं मी आधी आणली, खत नंतर झालं, आणि आता घरात फक्त पुस्तकं उरली आहेत. पुस्तकं चांगली आहेत. त्यांतल्या एकात कुजण्याच्या क्रियेचं वर्णन इतकं आपुलकीनं केलंय, की वाचताना माणसाला स्वतःच्या भवितव्याबद्दलही थोडा दिलासा वाटावा. पण मला सांगायचंय ते आईबद्दल. ती आमच्याकडे राहणार की गावाला परत जाणार, हे त्या खतावर ठरायचं होतं.

होळीनंतर आई गावाकडच्या घरात न्हाणीपाशी पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. शेजारी राहणारी काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, शेतातून परत येईपर्यंत ती तिथंच ओल्या फरशीवर पडून होती. "उन्हाळाच होता, जरा गार वाटलं," असं तिनं मला नंतर सांगितलं. मी गाडी घेऊन गेलो आणि तिला शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी आणलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं ती गावात एकटीच राहत होती. डॉक्टर म्हणाले, आता एकटं ठेवू नका. मी आणि बायकोनं एकदमच मान हलवली. आईनं हलवली नाही.

आमच्याकडे तिला कसली उणीव नव्हती आणि बहुतेक तीच अडचण होती. ती सकाळी उठून बसायची, चहा यायचा. दुपारी बसायची, जेवण यायचं. एके दिवशी घंटागाडी गाणं वाजवत गल्लीत आली आणि बायको ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन धावली. आई दारात उभी राहून बघत होती.

"काय दिलं त्या गाडीवाल्याला?"

"कचरा, आई. भाजीचा."

"भाजीचा कसला कचरा असतो व्हय? माती खाती ती समदं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बापू, ज्या घराला उकिरडा नाय ते घर कसलं? लॉज म्हणावं त्याला."

शहरात उकिरडा ही शिवी आहे. आमच्या गावात तसं नव्हतं. दिवाळीला पहिला दिवा देवापुढं, मग गोठ्यात, मग उकिरड्यावर. घरानं वर्षभर टाकलेलं पोटात घालून शेताला परत देतो तो, म्हणून त्याला लक्ष्मीचा मान. लहानपणी मला त्या दिव्याची गंमत वाटायची, कारण बाकी सगळे दिवे माणसांनी बघावेत म्हणून लावलेले असायचे आणि हा एक असा, की तिकडं कुणी फिरकायचंही नाही.

आईनं तिची अट सांगितली ती त्याच दिवशी. "दिवाळीपतुर बघते. माझा उकिरडा इथं लागला, त्याच्यावर दिवा लावता आला, तर राहते तुमच्यात. नाय लागला तर मला गावाला सोडून यायचं. तवा वाद नाय घालायचा."

मी हो म्हणालो. दिवाळी लांब होती.

जागेचा प्रश्न लगेच आला. आमच्या घरापुढं गाडी उभी राहते. घरामागं बागेची एक पट्टी आहे. तिच्यात कढीपत्ता, जास्वंद, एक लिंबू, चार वांगी आणि मिरच्या. या सगळ्यांच्या मधोमध ड्रेनेजचं चेंबर आणि आटलेली बोअर, म्हणजे खड्डा करायला जागा नाही. मात्र घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. नकाशात तिथं उद्यान आहे. प्रत्यक्षात गाजरगवत, विटांचे तुकडे आणि कुणाची तरी चाकं नसलेली गाडी आहे. आईनं आमच्या भिंतीलगतचा त्याचा कोपरा पसंत केला.

"आई, ती जागा आपली नाही."

"मग कुणाची?"

"महापालिकेची."

"म्हंजी कुणाचीच नाय. मग आपलीच म्हण की."

या तर्कावर अर्धं शहर उभं आहे. मी एकटा काय विरोध करणार?

खड्डा झाला आणि आईनं तो भरायला घेतला. मी पुस्तकं घेऊन काठावर बसलो. पुस्तकं म्हणत होती, ओलं कमी, सुकं जास्त, मधूनमधून हवा. आई म्हणत होती, टाकत राहायचं, त्याचं ते कुजतं. ती खोटं सांगत नव्हती. फक्त तिच्या आठवणीतल्या उकिरड्यामागं दोन बैल आणि एक म्हैस उभी होती, हे ती विसरली होती. आणि माझी पुस्तकं थंड मुलुखातल्या लोकांनी लिहिलेली होती, हे मी विसरलो होतो. वैशाखात आम्ही दोघांनी खड्डा उकरून पाहिला. आत टाकलेलं सगळं जसंच्या तसं होतं, फक्त वाळलेलं. केळीच्या साली चपलेच्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. आईनं एक साल उचलून मोडून पाहिली. "ह्ये तर वाळवण झालं," ती म्हणाली.

पाणी कमी पडत होतं. आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस हा सणांत धरतात. फक्त तो पंचांगात सापडत नाही. आठवडा उलटून गेल्यावर आलेलं पाणी कचऱ्यावर ओतायचं, हे मी बायकोला सांगूही शकलो नसतो. पण मार्ग तिनंच काढला. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, फिल्टरच्या मशीनमधून वाया जाणारं असं सगळं पाणी ती एका बादलीत साठवू लागली. रोज संध्याकाळी सासू-सुना ती बादली दोन्ही बाजूंनी धरून खड्ड्याकडे न्यायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दोघींना मी एका बादलीला हात लावताना पहिल्यांदाच पाहत होतो.

मग शेण. "शेणाबिगर ह्याला विरजण कसं लागंल?" असं आई म्हणाली, आणि या मुद्द्यावर पुस्तकंही तिच्या बाजूची निघाली. मी छावणीकडे एका तबेल्यात गेलो. तबेलेवाल्यानं माझ्या डब्याकडे पाहिलं.

"पूजा है क्या साब घर में?"

"नाही, खत बनवायचंय."

"इत्तेसे में क्या होता? आधा कढीपत्ता भी नक्को बोलता इत्ते को. वो बाल्टी भर के लेके जाव."

मी बाल्टी भरून घेतली आणि स्कूटरवर पायांत ठेवून निघालो. क्रांती चौकाच्या सिग्नलला माझ्या वर्गातला एक विद्यार्थी मोटारसायकलवर शेजारी येऊन थांबला. मी इतिहास शिकवतो. त्यानं नमस्कार केला, मग नाक आक्रसलं, मग अदबीनं विचारलं, "सर, काय घेऊन चाललात?"

"संदर्भसाहित्य," मी म्हणालो. सिग्नल सुटला.

पावसाळ्यात ते लागलं. आई खड्ड्यात बांबूची काठी खोचून ठेवायची, थोड्या वेळानं बाहेर काढून टोकाला हात लावायची. एके दिवशी तिनं मला हाक मारली. "लाव हात. लाव, मरत नाय." काठी गरम होती. आत कसली तरी धग सुरू झाली होती. "आलं बघ अंगात," ती म्हणाली. श्रावणात तिनं खालच्या बाजूनं पाटीभर काढलं. काळं, भुसभुशीत, पाऊस पडून गेलेल्या शेतासारखा वास. मी ते मुठीत घेतलं आणि मला पुस्तकातलं एकही वाक्य आठवलं नाही. वांग्यांना घातलं, लिंबाला घातलं. वांगी आली ती अशी, की बायकोनं गल्लीत वाटली.

त्याच सुमारास आईनं गावाला काकूला फोन लावला. ती फोनवर ओरडूनच बोलते, गाव लांब आहे म्हणून. "माझ्या कोंबड्या तूच ठिव आता! व्हय, समद्या! अंडी खा तू!"

मी आणि बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळी शिरा झाला.

वांगी गल्लीत वाटली ती मात्र नडली. त्यांतली काही आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांकडे गेली. हे निवृत्त इंजिनिअर. उन्हाळ्यातही जाकीट घालतात आणि साखर उसनी मागायची झाली तरी 'आदरणीय' पासून सुरुवात करतात. ते खड्डा बघायला आले. कंबरेवर हात ठेवून काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, हे मॉडेल आहे, मॉडेल!"

"नाय, उकिरडा हाय," आई म्हणाली.

कॉलन्यांची स्वच्छतेची स्पर्धा होती आणि ओल्या कचऱ्याला गुण होते. दोनेक दिवसांत भिंतीवर फलक लागला. 'हरित कोपरा : एक लोकोपक्रम'. मधोमध अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. खाली कोपऱ्यात आई, डोळे मिटलेली. फोटो कुणी कधी काढला कुणास ठाऊक.

"ह्ये कशाचं लावलंय, बापू?"

"तुझ्या उकिरड्याचं."

"मग ह्यांचा फोटू का?"

"ते अध्यक्ष आहेत."

"उकिरड्याचे?"

मला हसू आलं. तेव्हा अजून हसू येत होतं.

लोक साली घेऊन येऊ लागले. आईला बरं वाटलं. बायका यायच्या, पिशवी रिकामी करायच्या, गुडघ्यांबद्दल बोलायच्या. गावात तिच्या ओट्यावर जशी ये-जा असायची तशी इथंही सुरू झाली. खड्डा भरत आला तशी ती वरून वाळला पाला पसरायची, काठीनं हलवायची. ती आणि खड्डा दोघंही जमेल तेवढं पोटात घेत होते.

मग गणपती बसले, आणि त्यांच्यापाठोपाठ गौरी. निर्माल्य कुठं टाकायचं हा दरवर्षीचा प्रश्न कॉलनीनं या वर्षी सोडवला होता. सकाळी दार उघडलं की फाटकाशी पिशव्या. दूर्वा, झेंडू, शेवंती, केवडा. ते ठीक होतं. पण त्याच्यासोबत हारांचे दोरे, थर्माकोलची कमान, सोनेरी कागद, प्लास्टिकची फुलं, न फोडलेले नारळ, तुपात भिजलेले मोदक. मी आईला म्हणालो, "नाही म्हण. इतकं एकदम पडलं तर सडेल."

"मला दिसत नाय व्हय?"

"मग?"

"देवाच्या डोक्यावरचं फूल दारात आलंय. त्याला मी नको म्हणू? नरकात जाईन."

"आणि थर्माकोल?"

"त्ये बी देवाच्या डोक्यावर व्हतं."

दुसरं कुणी असतं तर पिशव्या फाटकातूनच परत केल्या असत्या. आईला ते शक्य नव्हतं. तिच्या लेखी उकिरडा म्हणजे लक्ष्मी आणि निर्माल्य म्हणजे देव; लक्ष्मीच्या दारातून देवाला परत पाठवणं तिच्या कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं. तिनं एक उपाय काढला. खड्ड्याच्या काठावर पाट मांडून ती दिवसभर हारांमधले दोरे सोडवत बसू लागली. पाठ दुखायची, गुडघा सुजला. मग बायको शेजारी बसली. मग मीही. बाहेर आरत्या चालू होत्या, आणि आम्ही तिघं गल्लीच्या भक्तीतून प्लास्टिक वेगळं करत होतो. महाप्रसाद झाला त्या दुपारी दोन तरुण कार्यकर्ते मसालेभाताचं उरलेलं पातेलं दोन्ही कडांनी धरून आले आणि आम्ही उठेपर्यंत त्यांनी ते खड्ड्यात पालथं केलं. "आजी, तुमचंच काम सोपं केलं," असं म्हणून गेले. शिकलेली, चांगल्या घरची मुलं होती. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चहा दिला.

"साहेब, खड्डा छोटा आहे. लोकांना थांबायला सांगा."

"सर, हा लोकसहभाग आहे! लोक येत नाहीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षं रडतो, आणि तुम्ही म्हणता थांबवा?"

"शिजलेलं अन्न तरी नको."

"आपण सूचना फलक लावू," ते म्हणाले. "मोठा."

तो लागलाच. पहिल्याहून मोठा. त्यावर सूचना खाली बारीक अक्षरांत होती आणि वर मान्यवरांच्या आगमनाची घोषणा होती.

मान्यवर कोण होते ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण त्यांच्यासाठी गाजरगवत कापून त्यावर लाल गालिचा अंथरला गेला. खड्ड्याच्या काठावर मंडप, माईक, आणि पर्यावरणावरचं भाषण सर्वांना ऐकू जावं म्हणून डिझेलचा जनरेटर. मान्यवरांच्या हस्ते केळीची पहिली साल खड्ड्यात टाकायची होती. साल हवी म्हणून केळं आणलं, केळं कुणीतरी खाल्लं, साल टाकली. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, इकडं बघितलं नाही. मग दुसरं केळं कुणीतरी खाल्लं. आईला शाल, नारळ आणि चकचकीत कागदातला गुच्छ दिला. कार्यक्रम संपल्यावर तो गुच्छ कुणीतरी कागदासकट खड्ड्यात टाकला. ओला कचरा म्हणून.

पण त्याआधी आईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती नको नको म्हणत असताना माईक तिच्या तोंडापुढं आला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या खुर्च्यांकडे.

"लई झालं आता," ती म्हणाली. "नका आणू कुणी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा! बघा हा साधेपणा!" अध्यक्ष माईक हातात घेत म्हणाले. आई टाळ्या थांबायची वाट पाहत उभी राहिली, तिला पुढं काही सांगायचं असावं. पण टाळ्या थांबल्या तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी आयुष्यभर व्याख्यानं दिली, आणि त्या दिवशी उठून 'ती खरंच सांगतेय' एवढं मला म्हणता आलं नाही. किंवा म्हणालो असतो तरी त्यालाही टाळ्या पडल्या असत्या.

परतीच्या पावसात खड्डा गेला. वर काळं पाणी साचलं. वास असा, की जेवताना खिडक्या बंद कराव्या लागल्या. अळ्या झाल्या, मग घुशी आल्या. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश फिरू लागले. 'सदर दुर्गंधीबाबत संबंधितांनी दखल घ्यावी.' संबंधित म्हणजे आम्ही. पिशव्या येणं मात्र थांबलं नव्हतं. लोक आता नाकाला रुमाल लावून लांबून फेकायचे.

अध्यक्ष जाकिटाच्या खिशातला रुमाल काढून फाटकाशी उभे राहिले. "सर, मावशींच्या भावना आम्ही समजतो. पण आरोग्याचा प्रश्न आहे."

"दिवाळीपर्यंत वेळ द्या. आम्ही दुरुस्त करतो."

"दिवाळी आलीच की हो."

"म्हणूनच."

त्यांना काही कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. आई राहणार की जाणार हा प्रश्न कॉलनीच्या मीटिंगमध्ये जावा, असं मला वाटेना.

मग आम्ही तिघं राबलो. मी शहागंजातून भुसा आणि वाळल्या पाल्याची पोती आणली. छावणीच्या तबेलेवाल्यानं या वेळी न विचारताच बाल्टी भरली. काळं पाणी बादलीनं उपसलं, भात खरवडून काढला, भुशाचे थर दिले. आई काठावर बसून सांगायची आणि राहवलं नाही की स्वतः फावडं उचलायची. दसरा गेला. वास थोडा कमी झाला. थोडा कमी झाला असं आम्ही एकमेकांना सांगायचो, मग खरंच झाला. एके सकाळी आईनं काठी बाहेर काढली, टोकाला बोट लावलं आणि माझ्याकडे न बघता ती पुन्हा खोचून ठेवली. पण दुपारी ती बायकोला म्हणाली, "पणत्या जरा जास्त आण गं औंदा."

त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे औरंगपुऱ्यात न्यायचं होतं. बायको शाळेत शिकवायला गेली होती. आम्ही रिक्षानं गेलो, डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं. परत आलो तेव्हा घराशी मुरमाच्या ट्रकचे टायर उमटलेले दिसले. खड्डा बुजला होता. वर मुरूम दाबून सपाट केला होता, आणि कडेनं पांढऱ्या फक्कीची रेघ मारली होती, क्रीडांगणावर मारतात तशी. फलक जागेवर होता.

थेंबांमुळे आईला धूसर दिसत होतं. ती भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेली आणि पायानं चाचपलं.

"बुजवलं व्हय," ती म्हणाली.

"हो."

"आतलं जितं व्हतं अजून."

मला वाटलं ती रडेल. तिचे डोळे वाहत होते, पण ते थेंबांचं होतं, असं ती म्हणाली.

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, जागा सार्वजनिक आहे, सर, तुम्हाला तर माहीतच आहे. माहीत होतं. आईला ते पहिल्याच दिवशी मीच सांगितलं होतं. मी फोन ठेवला. माणसावर अन्याय झाला तर तो भांडतो. पण अन्याय करणाऱ्यानं आधी शाल दिलेली असली की भांडणाची सुरुवात कुठून करायची, हे कळत नाही.

धनत्रयोदशीच्या आधी मी एक तयार खतपात्र विकत आणलं. मातीची एकावर एक तीन मडकी, वर झाकण, अंगावर वारलीची नक्षी. ते मागच्या पट्टीत चेंबरवर ठेवलं. आईला बोलावून दाखवलं. परक्याचं मूल दाखवल्यावर बघावं तसं तिनं ते कौतुकानं पाहिलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "घरात ठिवा. बाहेर फुटंल."

"आई, ह्याच्यावर दिवा लाव ना. दिवा लावायचाच ना? हाही उकिरडाच आहे, छोटा."

"बापू," ती म्हणाली, आणि मडक्यावरचं झाकण नीट बसवून आत गेली.

दिवाळीच्या संध्याकाळी तिनं दिवे लावले. देवापुढं, तुळशीपाशी, नळापाशी, माझ्या गाडीपुढं, बायकोच्या स्कूटरपुढं. सगळे लावून झाल्यावर ताटात एक पणती उरली, तेल-वात घातलेली. तिनं ती ताटासकट आत नेली. "भाऊबीज झाली की सोड मला," असं स्वयंपाकघरातून म्हणाली.

वाद घालायचा नाही, असं ठरलं होतं. मी घातला. तू पुन्हा पडलीस तर, मी म्हणालो. तिकडं दवाखाना लांब आहे. काकू दिवसभर शेतात असते. तुझं वय बघ. डॉक्टरांनी काय सांगितलंय. बायकोही आली, तिनं तर हात धरला, म्हणाली, "आई, तुम्ही गेलात तर मला करमायचं नाही." माझ्याकडे इतके मुद्दे होते, आणि सगळे बरोबर होते.

"व्हय, खरं हाय तुझं," आई प्रत्येक मुद्द्याला म्हणत गेली, आणि एकेक लुगडं घडी करून पिशवीत ठेवत गेली.

भाऊबीजेनंतर आम्ही सिल्लोडच्या रस्त्यानं निघालो. वाटेत एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती, ती घेतली. आईनं गाडीत बसून निवांत खाल्ली, बिया आणि सालं वर्तमानपत्रात गोळा केली. मी एकालाही हात लावला नाही. तिनंच विचारलं, "रुसला व्हय?" मी नाही म्हणालो.

काकूनं घर झाडून ठेवलं होतं. आई चहा पिऊन, सीताफळाच्या सालांची पुडी हातात घेऊन घरामागं निघाली आणि कोपऱ्यावर थांबली. जिथं आमचा उकिरडा होता, माझ्या जन्माच्या आधीपासून होता, तिथं लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवले होते. त्यांवर सिमेंटचा बाक, बाकावर देणगीदाराचं नाव. जवळच्या खांबावर 'स्वच्छ गाव' असं लिहिलेलं.

"तुमी गेल्यावर केलं, आक्का," काकू म्हणाली. "बघायला माणसं येणार व्हती तालुक्याची. आता घंटागाडी येती आपल्यात बी. गाणं वाजवीत येती." मग पुडीकडे बघून म्हणाली, "द्या पिशवीत बांधून ठिवते. सोमवारी येईल गाडी."

आई बाकावर बसली. खूप दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि काकूला काही कळत नव्हतं.

"चल परत," मी म्हणालो. "आता इथंही नाही. दोन्हीकडे सारखंच आहे. निदान तिकडं आम्ही आहोत."

ती उठली. आतून खुरपं घेऊन आली आणि घराच्या मागच्या भिंतीपाशी, न्हाणीच्या पाण्याची ओल जिथं मातीत मुरते तिथं, उकिडवं बसून खणू लागली. न्हाणीची फरशी शेवाळली होती. तिचा पाय कडेवर होता. मी दोन्ही हात पुढं करून तिच्यामागं उभा राहिलो, लहान मूल नव्यानं चालू लागलं की माणसं त्याच्यामागं राहतात तसा.

"आक्का, थितनं नळाची पायप गेलीय!" काकू ओरडली.

आई हातभर सरकली आणि पुन्हा खणू लागली. तिथं दगड लागला. ती आणखी सरकली. मी वाकून तिच्या हातातलं खुरपं घ्यायला गेलो, तर तिनं ते सोडलं नाही.

"तुला जमायचं नाय, बापू," ती म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "जा तू. अंधार व्हायच्या आत पोच. गाडी काढ."

काकूला म्हणालो, लक्ष ठेवा. ती म्हणाली, ठेवते की, पण उद्या कापूस वेचायला जायचंय. फरशीवर टाकायला एक जुनं पोतं होतं, ते मी आईच्या पायाखाली सरकवलं. तिनं ते बाजूला केलं, म्हणाली, "ह्येच्यात पाय अडकून पडंन की."

मी गाडी काढली.